अक्षर, आकार आणि आपली फाईल



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने वर्ड, पीडीएफ आणि एक्सेल यांच्यावर तासभर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. मी प्रोग्रॅमर नाही. गेली पस्तीसएक वर्षं मी रोज संगणकावर लिहितो आहे, आणि बहुतांशी मराठीत लिहितो आहे. एकाच विहिरीचं पाणी पस्तीस वर्षं शेंदणाऱ्या माणसाला रहाटाबद्दल दोन शब्द बोलायचा जेवढा अधिकार असतो, तेवढाच माझा.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं याची यादी मी देणार नाही. अशी यादी वर्षभरात शिळी होते. मला एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. मी ‘क’ची कळ दाबतो, पडद्यावर ‘क’ उमटतो, मी फाईल जतन करतो. त्या फाईलमध्ये नेमकं काय जतन होतं? ‘क’ हे अक्षर, की ‘क’चं चित्र? प्रश्न किरकोळ वाटतो, पण मराठीत गेल्या तीन-चार दशकांत संगणकावर लिहिलं गेलेलं किती लेखन पुढच्या पिढीला वाचता येईल, हे याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

टाइपरायटरचा वारसा

सुरुवात संगणकाच्या आधीपासून करू. इथे बसलेल्यांपैकी काहींनी ‘मराठी ३०’, ‘मराठी ४०’ या टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या असतील. मराठी टाइपरायटरला अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, त्याला फक्त आकार माहीत होते. ‘कि’ उमटवायचा तर आधी वेलांटी ठोकायची आणि मग ‘क’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. ‘सूर्य’मधला रफार मात्र ‘य’ ठोकून झाल्यावर, कारण तो वर बसतो. उच्चारात तो ‘र’ आधी येतो, याच्याशी यंत्राला कर्तव्य नव्हतं. ‘ण’ किंवा ‘श’ पुरा करायला शेवटी काना जोडायचा. यात गैर काही नव्हतं. टाइपरायटरचं काम कागदावर खूण उमटवण्याचं, आणि खूण उमटली की काम संपलं.

संगणकावर मराठी आली तेव्हा हीच वृत्ती फॉन्टमध्ये उतरली. त्या काळच्या फॉन्टमध्ये एकूण २५६ खण. त्यातल्या पहिल्या १२८ खणांत इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि काही नियंत्रक संकेत, हे जगभर ठरलेलं होतं. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती अशी केली, की इंग्रजी अक्षराच्या खणात देवनागरीचा तुकडा बसवायचा. संगणकाला वाटतं आपण इंग्रजीच साठवतो आहोत, माणसाला पडद्यावर मराठी दिसते. युक्ती चलाख होती, आणि तिच्याशिवाय मराठी पुस्तकं, दैनिकं, लग्नपत्रिका संगणकावर आल्याच नसत्या. पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’सारख्या उत्पादनांनी मराठी छपाईचा गाडा वर्षानुवर्षं ओढला, हे कृतज्ञतेनेच सांगायला हवं.

पण त्या युक्तीची किंमत होती. कुठला तुकडा कुठल्या खणात, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. एकाच्या फॉन्टमध्ये ज्या खणात ‘म’, तिथे दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उकार. वर्डला मजकूर इंग्रजीच वाटायचा, म्हणून पानभर लाल रेघा. वाक्याचं पहिलं अक्षर वर्ड आपणहून मोठ्या लिपीत करायचा, की मराठीतलं ते अक्षरच बदलायचं! आणि फाईल दुसऱ्या संगणकावर नेली, तिथे तो फॉन्ट नसला, की डॉलरची चिन्हं, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा काला.

एका हस्तलिखिताची गोष्ट

हे नुसतं गैरसोयीचं प्रकरण नाही. माझे एक ज्येष्ठ सहकारी काही वर्षांपूर्वी गेले. मराठी संतांच्या तत्त्वविचारावर त्यांचं एक पुस्तक अर्धंअधिक लिहून झालं होतं. त्यांची मुलगी सीडी घेऊन माझ्याकडे आली. फायली शाबूत होत्या, एकही खराब नव्हती. पण ज्या फॉन्टमध्ये त्या होत्या, तो ज्या सॉफ्टवेअरबरोबर यायचा, ते संगणकाच्या मागे एक छोटं कुलूपयंत्र जोडल्याशिवाय चालत नसे. ते कुलूपयंत्र हरवलेलं होतं आणि ते विकणारा व्यवसाय केव्हाच बंद झालेला.

सुदैवाने चाळीसेक पानांची छापील प्रत सापडली, समासात पेन्सिलीने दुरुस्त्या केलेली. तिच्याशी फाईल ताडून, कुठलं चिन्ह म्हणजे कुठला तुकडा असा तक्ता आम्ही तयार केला. ब्राह्मी लिपीच्या उलगड्याच्या कथा लहानपणी वाचल्या होत्या, त्यांची आठवण झाली. फरक एवढाच, की हा मजकूर जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. मजकुराची सहा प्रकरणं परत मिळाली. तळटीपांतली संस्कृत अवतरणं एका दुसऱ्याच फॉन्टमध्ये होती, आणि छापील पानांत त्या तळटीपा जवळजवळ नव्हत्याच. त्या गेल्या त्या गेल्याच.

आता पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत जा. संस्था १९१७ची, आणि तिथल्या पोथ्या तिच्याहून शतकांनी जुन्या. ज्याला लिपी येते तो आजही त्या वाचतो. पेशवे दफ्तरातले मोडी कागद घ्या. मोडी वाचणारे थोडे उरले, हे खरं. पण मोडीची किल्ली कुणाच्या मालकीची नाही, ती शिकण्याच्या पुस्तकांत आहे, वर्गांत आहे. कुणीही सहा महिने मेहनत घेऊन ती मिळवू शकतो. आमच्या सीडीची किल्ली मात्र खाजगी होती. माझा पहिला निष्कर्ष असा: लेखन टिकतं ते ज्यावर लिहिलं त्याच्या मजबुतीने नव्हे, तर ते वाचण्याची किल्ली सार्वजनिक असल्याने.

मीमांसक, नैयायिक आणि युनिकोड

इथे थोडं माझ्या विषयात शिरतो. शब्द नित्य की अनित्य, हा आपल्याकडचा जुना वाद. नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. मीमांसक म्हणतात, उत्पन्न होतो आणि विरतो तो ध्वनी, वर्ण नव्हे. तुम्ही ‘ग’ म्हणालात, मी घोगऱ्या आवाजात ‘ग’ म्हणालो, लहान मुलाने बोबडा ‘ग’ म्हटला. ध्वनी तीन, पण आपण ओळखतो की हा तोच ‘ग’. ध्वनी वर्णाला फक्त प्रकट करतो.

या वादात कोण बरोबर, ते आज ठरवायला नको. पण मीमांसकांनी केलेला हा भेद संगणकाच्या फार कामाचा आहे. वर्ण वेगळा, त्याचं प्रकटन वेगळं. जुन्या फॉन्टने प्रकटनच साठवलं. युनिकोड वर्ण साठवतो. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५. तो ठळक असो, तिरपा असो, कुठल्याही फॉन्टमध्ये असो, फाईलमध्ये क्रमांक तोच. आकार देणं हे फॉन्टचं काम. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठतो, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेऊन बसवायचं काम फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून करतात.

हा विचार आयता परदेशातून आला, असं कुणी समजू नये. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं आणि त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र आलं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि ते काम इथे वाढलं. लोकांना सी-डॅक म्हटलं की ‘परम’ महासंगणक आठवतो. मला मराठी लिहिणारा म्हणून हे दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचं प्रमाण १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने मान्य केलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर आधारलेली आहे. सर्वसामान्यांच्या टेबलावर हे पोचायला मात्र वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली, ‘मंगल’ फॉन्टसह. तो र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. सुलेखनकार आणि कवी म्हणून त्यांना आपण ओळखतो, पण हे रोजचं ऋण अनेकांना माहीतही नसतं.

तरीही काही गाठी

युनिकोड आला म्हणजे सगळं सुटलं, असं नाही. तीन उदाहरणं देतो.

पहिलं ‘ल’चं. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ वेगळे दिसतात, ‘श’चंही तसंच. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच, आणि ते योग्यच आहे, कारण वर्ण एकच आहे. मराठी वळणाचा आग्रह धरायचा तो फॉन्टकडे. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की काही सॉफ्टवेअर मराठी वळण दाखवतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने प्रमाण वर्णमाला आणि लिपी ठरवून दिली आहे, ती फॉन्ट करणाऱ्यांनी समोर ठेवावी.

दुसरं उदाहरण नेमकं उलटं. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक. हा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून, दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण शोधायला गेलात तर एका तऱ्हेने लिहिलेला ‘दऱ्या’ दुसऱ्या तऱ्हेने शोधणाऱ्याला सापडेलच असं नाही. तेव्हा एक तऱ्हा ठरवा आणि तिलाच चिकटून राहा. मी ‘ऱ’वाली वापरतो.

तिसरं, ‘ॲ’. ‘ॲड्रेस’मधलं हे अक्षर मराठीत रोजचं, पण त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. तोवर कुणी ‘अ’वर चंद्र ठेवला, कुणी हिंदीतला ‘ऍ’ वापरला. त्या काळातल्या मजकुरात शोध घेताना तिन्ही रूपं शोधावी लागतात. प्रमाण ठरवणाऱ्यांच्या बैठकीत आपली भाषा बोलणारं कुणी नसलं की असं होतं.

कळफलक, वर्ड, पीडीएफ, एक्सेल

आता रोजच्या सॉफ्टवेअरबद्दलची माझी मतं, याच कसोटीवर घासून.

कळफलकाबद्दल मी इनस्क्रिप्टचा पक्षपाती आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. अल्पप्राणाचा महाप्राण शिफ्टने होतो. ‘र’वर शिफ्टने ‘ऱ’, ‘ल’वर ‘ळ’. आपल्या वर्णमालेची शास्त्रीय रचना त्यात उतरली आहे, म्हणून पंधरा दिवसांत हात बसतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांची मला एकच काळजी वाटते, की ‘त’ आणि ‘ट’ यांचा विचार दुसऱ्या लिपीतून फिरून येतो. पण हे मत झालं, नियम नव्हे. कळ कोणतीही दाबा, साठतो तो एकच क्रमांक. लिहिण्याची रीत आणि साठवण्याची रीत वेगळी झाल्यामुळेच हे स्वातंत्र्य मिळालं आहे.

वर्ड की लिबरऑफिस? मी दोन्ही वापरतो. वर्डमध्ये सफाई अधिक आहे. लिबरऑफिस २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळं झालं, ते मोफत आहे आणि त्याची मेनू मराठीतही मिळते. माझ्या लेखी महत्त्वाचं ते फाईलचं स्वरूप. जुनी ‘डॉक’ फाईल ही बंद पेटी होती. २००७च्या ऑफिसपासून आलेली ‘डॉकएक्स’ आणि लिबरऑफिसची ‘ओडीटी’ या आतून उघडता येतात. एक प्रयोग करा. अशा फाईलची प्रत काढा, नावाच्या शेवटचं ‘डॉकएक्स’ काढून ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत तुमचा मजकूर साध्या अक्षरांत दिसेल, खुणांच्या गर्दीत का होईना. उद्या हे सॉफ्टवेअर राहिलं नाही, तरी कुणीतरी तो वाचू शकेल. या दोन्ही स्वरूपांना आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता आहे, ओडीएफला २००६ साली, दुसऱ्याला २००८ साली.

पीडीएफबद्दल गैरसमज फार. पीडीएफ म्हणजे कागद. पान जसं आहे तसं दाखवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण मराठी पीडीएफमधून परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवून बघा. अनेकदा वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. कारण पीडीएफमध्ये मुख्यतः आकार ठेवलेले असतात, आणि आकारावरून अक्षर परत काढण्याची सोय देवनागरी जोडाक्षरांच्या बाबतीत पुष्कळदा अपुरी पडते. टाइपरायटरचंच भूत नव्या कपड्यांत. म्हणून फक्त पीडीएफ जपून ठेवणं म्हणजे छायाचित्र जपून माणूस हरवणं. पीडीएफ द्या, पण मूळ फाईलही ठेवा. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

एक्सेलमध्ये मराठी नावं अकारविल्हे लावणाऱ्यांनी ‘ळ’कडे लक्ष ठेवावं. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो. आपली वर्णमाला मात्र ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, ‘ज्ञ’ अशी. नुसत्या क्रमांकांवर जाणारं सॉफ्टवेअर ‘कळस’ला ‘कवडी’च्या आधी बसवील. मराठीचे नियम ज्याला ठाऊक आहेत ते ‘कहाणी’नंतर बसवील. पुस्तकाची सूची करताना हे नजरेने तपासायला हवं.

शेवटचं, दर दोन वर्षांनी मेनू बदलण्याच्या सवयीबद्दल. हायडेगर म्हणतो, हातोडी नीट चालत असते तेव्हा सुताराला ती जाणवत नाही, त्याचं लक्ष कामात असतं. मोडली की जाणवते. सॉफ्टवेअरवाले न मोडलेली हातोडी दर थोड्या दिवसांनी जाणवून देतात. त्रासदायक आहे, पण सहन होतं. वर्गणी थांबली की आपलीच फाईल दुरुस्त करता येऊ नये, हे मात्र मला सहन होत नाही.

तीन प्रश्न

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेताना तीन प्रश्न विचारा. यात लिहिलेलं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं का? यात लिहिलेला मराठी शब्द शोधून सापडतो का? आणि हे विकणारी कंपनी उद्या नसली, तर माझी फाईल वाचण्याची किल्ली सार्वजनिक आहे का? तिन्हींचं उत्तर होकारार्थी असेल, तर मग रंग, रूप, किंमत बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका डीटीपी करणाऱ्याकडे आहेत. आता काय करावं?*

आधी त्यांच्याकडून पेजमेकरची असो वा कुठली, मूळ फाईल मागा, आणि फॉन्टचं पूर्ण नाव लिहून घ्या. नावाशिवाय काही होत नाही, कारण रूपांतराचा तक्ता प्रत्येक फॉन्टचा वेगळा. अनेक जुन्या फॉन्टसाठी युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आज उपलब्ध आहेत. रूपांतर झाल्यावर छापील प्रतीशी मुद्रितशोधन करा, विशेषतः रफार आणि ऱ्हस्व वेलांटी, तिथे चुका हमखास होतात. मूळ फाईल पुसू नका. आणि छापखानेवाले आहेत तोवर करा.

*प्रश्न: आता मोबाइलला सांगितलं की तो मराठी लिहितो. मग हे सगळं शिकायचं कशाला?*

जरूर बोलून लिहा. माझी बोटं दुखतात तेव्हा मीही बोलून लिहितो. पण ‘आचाऱ्यास’ म्हणालो, तर त्याने गुरूला दक्षिणा दिली की स्वयंपाक्याला पगार, हे तपासायला डोळे लागतात आणि दुरुस्त करायला कळफलक.

*प्रश्न: फुकटच्या सॉफ्टवेअरवर विसंबावं का?*

फुकट आणि मुक्त यांत फरक करा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यातला आग्रह किमतीचा नव्हता. सॉफ्टवेअर कसं चालतं ते बघण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक असावी, असा होता. फुकट देणारा उद्या दुकान बंद करू शकतो. मुक्त असेल तर दुसरा कुणी ते पुढे चालवू शकतो, लिबरऑफिस तसंच आलं. तेव्हा फुकट आहे का, हे नंतर विचारा. आज घरी गेल्यावर एवढंच करा: आपली सर्वांत जुनी मराठी फाईल उघडून बघा. उघडली आणि वाचता आली, तर तिची एक प्रत युनिकोडमध्ये करून ठेवा. वाचता आली नाही, तर तिचा फॉन्ट ओळखू शकेल असं कुणी अजून ओळखीत आहे का, ते उद्या सकाळी शोधायला लागा.